वेळा अमावास्येची कोप आणि पंगत : सणाची सजावट आपल्या शेतातूनच व्हावी

मार्गशीर्षातील अमावास्या जवळ आली म्हणजे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत, तसेच त्यांस लागून असलेल्या सोलापूर, बीड व नांदेडच्या काही भागांत, शेतकऱ्यांच्या घरोघरी लगबग सुरू होते. या अमावास्येस कोणी वेळा अमावास्या म्हणतात, कोणी दर्शवेळा म्हणतात. गावच्या बोलीत तिचे नाव येळवस. शेजारच्या कर्नाटकातही हा सण एळ्ळ अमावास्या या नावाने शेतातच साजरा होतो. इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने तो बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येतो. त्या वेळी खरिपाचा माल घरात आलेला असतो, रब्बीची पिके ऐन भरात असतात आणि थंडी अंगाला सुखावह वाटण्याइतकीच असते. पाहुण्यास रानात बोलवावयास वर्षातून याहून चांगला काळ सापडणे कठीण.

या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी जाहीर करण्याची वहिवाट आहे. दुपारी बाजारपेठेत गेल्यास रस्ते ओस पडलेले दिसतात, कारण सगळा लोक रानात गेलेला असतो. ज्यांस शेत आहे ते आपल्या शेतात जातात. ज्यांस नाही त्यांस मित्र, शेजारी, सोयरे आग्रहाने नेतात. नोकरीधंद्यानिमित्त पुण्यामुंबईस गेलेली मुलेही या दिवसासाठी गावी येतात. अशा सणास पाहुण्यांचे पान कसे मांडावे, बसावयाची जागा कशी सजवावी व त्यासाठी साहित्य कोठून आणावे, याविषयी आमच्या वाचकांपुढे दोन शब्द मांडावे, असा आमचा हेतू आहे. विषय वरवर पाहता हौसेचा वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या पेरणीशी व आपल्या गोठ्याशी कसा पोहोचतो, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

सजावटीचे मूळ तत्त्व

कोणत्याही देशातील सणाची सजावट पाहिली असता तिचे मूळ त्या त्या ऋतूत रानात जे उपलब्ध असते त्यात आढळते. युरोपातील थंड मुलुखांत नाताळच्या सुमारास जेवणाच्या मेजावर हॉली, आयव्ही व सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या ठेवितात. त्याचे कारण उघड आहे. कडाक्याच्या थंडीत तेथील बहुतेक झाडे निष्पर्ण होतात व हिरवे म्हणून एवढेच काय ते शिल्लक उरते. आपल्याकडे संक्रांतीच्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरे, उसाचे कांडे व तीळ घालितात, तेही याच न्यायाने. त्या दिवसांत शेत जे देते तेच सुगडात जाते.

वेळा अमावास्येत हे तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. येथे मेज नाही, खुर्ची नाही, भिंतही नाही. कडब्याची कोप हेच देवघर, सारवलेली जमीन हीच बैठक व पानांची पत्रावळ हेच ताट. पाहुणा ज्या पंगतीस बसतो ती पंगत म्हणजे यजमानाच्या शेताचा त्या वर्षीचा उघडा जमाखर्च होय. भज्जीत दाणे किती जातींचे पडले, आंबिलाची ज्वारी घरची की बाजारची, कोपीचा कडबा कोठून आला, हे जाणत्या पाहुण्यास विचारावे लागत नाही; त्यास ते दिसते.

जागा कशी निवडावी

काळ्या जमिनीस डिसेंबरपर्यंत भेगा पडू लागतात. त्यांवर थेट सतरंजी अंथरली तर बसणारास जमीन टोचते व पाण्याचे भांडे कलंडते. सबब दोन दिवस आधी जागा कुदळीने सारखी करावी, भेगा बारीक मातीने बुजवाव्या, पाणी शिंपडून धुमसाने चोपावे आणि आदल्या दिवशी शेणाने सारवून घ्यावे. असे केल्यास धूळ उडत नाही व रांगोळीही नीट उमटते. पिकाचा तुडवा होऊ नये म्हणून बांधालगतची, विहिरीजवळची किंवा पड राहिलेली जागा पसंत करावी.

झाडाची सावली घ्यावयाची असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारीही झाडाची सावली त्याच्या उत्तरेस पडते व ती जवळजवळ झाडाच्या उंचीइतकी लांब असते. उन्हाळ्याच्या सवयीने बुंध्याभोवती पंगत मांडली तर निम्मी माणसे उन्हात बसतात. लिंब किंवा आंब्याच्या उत्तर अंगास ओळी धराव्या, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांची व लहान मुलांची सोय होते.

दर माणशी दीड हात जागा धरल्यास २० माणसांच्या ओळीस ३० हात, म्हणजे ४५ फूट लांबी लागते. दोन ओळी समोरासमोर बसविल्यास मध्ये वाढणारांकरिता किमान ४ हात वाट मोकळी सोडावी. आंबिलाचा माठ व भज्जीचे पातेले घेऊन फिरणारास याहून कमी जागा पुरत नाही.

कोप

कोप ही या सणाची शोभा होय. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या गोलाकार उभ्या करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधितात व एक बाजू मोकळी ठेवितात. आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडितात, लक्ष्मीची स्थापना करितात, आणि कोपीवर शाल पांघरतात. पूजा झाल्यावर आंबील शिंपडीत शेताला फेरी घालितात व मग पंगती बसतात. गावोगावी यात थोडाफार फरक असतो. परंतु कडब्याची कोप सर्वत्र सारखी.

कोप बांधताना पुढील काळजी घ्यावी. पेंढी उचलण्यापूर्वी काठीने ती झाडून घ्यावी, कारण थंडीत कडब्याच्या गंजीत विंचू व साप आसऱ्यास राहतात. ताटांची बुडखे वीतभर मातीत पुरावी, म्हणजे वाऱ्याने कोप कलत नाही. बांधावयास नायलॉनची दोरी न घेता अंबाडीच्या वाखाचे चऱ्हाट किंवा सुंभ घ्यावे. कारण सण आटोपल्यावर हाच कडबा जनावरांपुढे जावयाचा असतो व त्यात दोरीचा तुकडा राहून गेला तर तो पोटात जातो. सायंकाळी रब्बीच्या पिकातून पेटती चूड फिरविण्याची चाल आहे. ती पाळताना कोप, गंज व वाळलेले गवत यांपासून चूड दूर ठेवावी आणि पाण्याची घागर जवळ असू द्यावी.

येथे आम्हांस एक अडचण सांगितली पाहिजे. अमावास्येच्या वेळी रब्बीची ज्वारी शेतात उभी असते. तिचा कडबा फाल्गुनाच्या सुमारास निघतो. कोपीसाठी लागणारा कडबा एकतर मागील सालचा असतो, किंवा त्याच वर्षीच्या खरीप ज्वारीचा. या भागात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीनपासून रोकड हाती येते हे आम्ही नाकारीत नाही. लातूरची सोयाबीनची बाजारपेठ त्यावरच उभी आहे. परंतु सोयाबीनचा भुसकट कोपीस उपयोगी नाही आणि कडब्यासारखा वर्षभर गोठ्यास पुरत नाही. परिणामी काही शेतांत आता कोपीऐवजी कापडी मांडव उभा राहतो, व पाच पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात. ज्या भागाची ओळख ज्वारी, ज्याच्या शेजारी मोहोळ येथे निवडपद्धतीने मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला व ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या भागात पाच पेंढ्यांची वाण पडावी ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

पान व पंगत

पत्रावळ पळसाच्या पानांची असावी. पळसाचे पान जाड, रुंद व चिवट असते. बांबूच्या चोयांनी टाचल्यास त्यातून रस्सा सहसा गळत नाही. पळसाची पाने माघाच्या सुमारास झडू लागतात, यास्तव पावसाळा संपल्यावर चांगली पाने तोडून, पत्रावळी व द्रोण टाचून, ओझ्याखाली दाबून सुकवून ठेवावे. ४० पाहुण्यांस ४० पत्रावळी व ८० द्रोण धरावे; एक द्रोण आंबिलास व एक खिरीस. वाढण्यापूर्वी पत्रावळीवर पाण्याचा हात फिरविल्यास ती मऊ पडते व मोडत नाही. वारा असल्यास प्रथम उंडा वाढावा. त्याच्या वजनाने पान उडत नाही.

पानाभोवती रांगोळीची एक साधी महिरप पुरे. पंगतीच्या दोन्ही टोकांस उसाची दोन-दोन ताटे रोवून वर आंब्याच्या पानांचे तोरण बांधावे. मधल्या वाटेत, वाढणारांच्या पायांत येणार नाहीत अशा बेताने, हरभऱ्याच्या ढाळ्यांच्या जुड्या, तुरीच्या शेंगांचे झुबके, गाजरे, आवळे व बोरे यांच्या टोपल्या ठेवाव्या. जेवण होईपर्यंत ती सजावट, आणि जेवणानंतर तीच मुलांचा खाऊ. जी सजावट शेवटी पोटात जाते ती कधी वाया जात नाही.

फुलांविषयी थोडे सांगितले पाहिजे. झेंडू व शेवंती तर आहेतच. परंतु या ऋतूत करडईची पिवळी-नारिंगी फुले व जवसाची निळी फुले शेतातच असतात. करडईची बोंडे काटेरी असल्यामुळे ती उंचावर, उसाच्या ताटांस बांधावी. मुलांच्या हाताशी ठेवू नयेत. जवसाचे फूल सकाळी उमलते व दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. म्हणून ते पूजेच्या वेळी कोपीत ठेवावे. पंगतीच्या शोभेसाठी त्यावर विसंबू नये.

पदार्थांचा रंग हीही एक सजावटच आहे. हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, पावटा व शेंगदाणे यांचे दाणे, मेथी-पालकासारखी पालेभाजी, बेसन व चिंचेचा कोळ यांची दाट भज्जी; बाजरीचे व ज्वारीचे उंडे; तिळाची पोळी; वांग्याचे भरीत; गव्हाची खीर आणि ताकातील ज्वारीच्या पिठाचे आंबील, एवढे पानावर आले म्हणजे दुसऱ्या रंगाची गरज राहत नाही. आंबील आंबट असल्याने ते मातीच्या माठातच ठेवावे. पितळेच्या भांड्यास कल्हई नसल्यास ते कळकते व पाहुण्यांस त्रास होतो. नवा माठ दोन दिवस पाण्याने भरून ठेवून मग वापरावा, म्हणजे त्यास मातीचा वास राहत नाही.

थर्माकोल व प्लॅस्टिक यांविषयी

अलीकडे पंगतीत थर्माकोलच्या पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले व चकाकत्या कागदी माळा दिसू लागल्या, याचे आम्हांस वाईट वाटते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या ताटल्या, पेले इत्यादींवर बंदी घातली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंस देशभर मनाई केली. तीत सजावटीचा थर्माकोलही येतो. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी शेतकऱ्याचा स्वतःचा हिताहित विचार त्यास येथेच थांबवील. शहरातील पंगतीचा कचरा गाडी घेऊन जाते. शेतातील पंगतीचा कचरा शेतातच राहतो. थर्माकोल कुजत नाही. त्याचे कण वाऱ्याने विहिरीत, पाटात व उभ्या पिकात पसरतात. उष्ट्या अन्नाचा वास लागलेली पिशवी जनावर खाते. ती कोठीपोटात साचत जाते, पचत नाही व बाहेरही पडत नाही. रवंथ मंदावते, जनावर खंगते आणि पुष्कळदा दगावते. ज्या दिवशी भूमातेची पूजा करावयाची त्याच दिवशी तिच्या पदरात हे टाकावे, हे कोणास शोभत नाही.

कित्येक पत्रावळी कागदाच्या म्हणून विकल्या जातात. परंतु त्यांवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो व त्या मातीत सहज मिसळत नाहीत. घेताना कोपरा फाडून पाहावा. थर सुटून आला तर ती पत्रावळ आपल्या कामाची नाही असे समजावे. पळसाची पत्रावळ गाय खाते, उरली तर उकिरड्यात कुजते, आणि पुढील हंगामात खत होऊन त्याच रानात परत जाते.

कोणास कोठे बसवावे

सजावटीचा विचार करिताना माणसांचा विचार सुटू नये. शेत उभे राहते ते सालगड्याच्या व मजुरांच्या घामावर. पाहुण्यांस सतरंजी व सालगड्यास बांध, अशी वाटणी जेथे होते तेथे रांगोळी कितीही सुरेख असली तरी पंगत सुशोभित झाली असे आम्ही म्हणणार नाही. एकाच ओळीत, एकाच प्रकारच्या पत्रावळीवर, एकाच वेळी सर्वांस वाढावे. तसेच घरातील बायका मध्यरात्रीपासून चुलीपुढे बसलेल्या असतात. जागा तयार करणे, कोप बांधणे, पत्रावळी मांडणे, पाणी आणणे व शेवटी उष्टी काढून जागा झाडणे ही कामे पुरुषांनी अंगावर घ्यावी. आणि दुसऱ्या पंगतीस बायका बसल्या म्हणजे त्यांस पुरुषांनी वाढावे. असे ज्या घरी झाले त्या घरी सणाचा भार कोणा एकावर पडत नाही.

खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. मराठवाड्यास अवर्षण नवे नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट सर्वांस स्मरत असेल. अशा सालीही सण यावयाचा तो येतोच. त्या वर्षी कोपीस पाच पेंढ्यांऐवजी पाच ताटे लावावी, भज्जी पातळ करावी व पाहुणे मोजके बोलवावे. कोणी नावे ठेवणार नाही. ऋण काढून सण करू नये, हा वडिलांचा उपदेश विसरून जो मांडव, विजेच्या माळा व विकतची आरास यांवर पैसा घालितो, त्याची पंगत एक दिवस गाजते व हप्ते वर्षभर.

दोन गुंठ्यांची सूचना

एवढ्या विवेचनानंतर आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक शेतकऱ्याने विहिरीजवळची दोन गुंठे जमीन या सणाच्या नावाने राखावी. खरिपात त्यातील निम्म्या भागावर उंच ताटाची ज्वारी पेरावी, तिच्यात तुरीच्या दोन ओळी व कडेस अंबाडी टाकावी, आणि एका वाफ्यात तीळ घ्यावा. बांधावर पावट्याचा वेल चढवावा. शेवंतीची रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावी. झेंडू गणपतीच्या सुमारास लावावा, म्हणजे मार्गशीर्षात फुले हाती येतात. झेंडूचा आणखी एक उपयोग असा की, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींस त्याने काही अंशी आळा बसतो. ज्वारी निघाल्यावर तेथे हरभरा, जवसाची एक ओळ, मेथी, कोथिंबीर व गाजर पेरावे, आणि भोवती करडईचा काटेरी पट्टा ठेवावा. त्यामुळे मोकाट जनावरेही आत शिरत नाहीत. बांधावर पळसाचे एखादे झाड असल्यास ते तोडू नये, नसल्यास लावावे.

दोन गुंठ्यांमुळे सोयाबीनच्या उत्पन्नात कोणास जाणवेल इतकी तूट येणार नाही. परंतु त्यातून कोपीचा कडबा, बांधावयाचा वाख, पानावरील दाणे, पंगतीची फुले व पुढील वर्षाचे बियाणे एवढे घरचे घरी मिळेल. वाणांचे जतन म्हणून ज्याविषयी आज मोठमोठ्या सभांतून बोलले जाते, व ज्या भरड धान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष वाहिले, त्याचा आरंभ इतक्या लहान तुकड्यापासूनही होऊ शकतो. शहरातून आलेल्या नातवंडांस त्या दोन गुंठ्यांत फिरवावे व पानावरील एकेक दाणा कोणत्या झाडाचा ते त्यांच्याकडून ओळखवून घ्यावे. दहा जिन्नसांपैकी सात ओळखता आले तर त्यांचा शेताशी संबंध अजून तुटला नाही असे समजावे.

येत्या अमावास्येस पंगत उठल्यावर आमच्या वाचकांनी एक यादी करावी. पानावरील, कोपीतील व तोरणातील जे जे आपल्या शेतातले ते एका बाजूस, व जे जे बाजारातले ते दुसऱ्या बाजूस लिहावे. दुसरी बाजू लांब निघाली तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ती यादी जपून ठेवावी, आणि मृगापूर्वी बियाण्याची तजवीज करावयास बसाल तेव्हा ती समोर घ्यावी. त्यातील दोन जिन्नस जरी पहिल्या बाजूस आणता आले, तरी पुढील वर्षीची पंगत यंदापेक्षा अधिक सजलेली असेल.